रंग पास करणारे सोळुंके

टोमॅटो घेताना माणसं तो दाबून बघतात, देठ बघतात, फार तर वास घेतात. सोळुंके खिशातून रंगांचं कार्ड काढतात. गाड्यांना जो रंग देतात त्याचे तुकडे चिकटवलेल्या जाड पट्ट्या, पंख्यासारख्या उघडणाऱ्या. त्यातली एक लाल पट्टी माझ्या टोमॅटोला टेकवायची, एक डोळा मिटायचा, टोमॅटो उन्हाकडे फिरवायचा आणि म्हणायचं, "मावशी, शेड लागत नाही. रिजेक्ट."

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस चक्रम आहे. त्याला आता पाच वर्षं होतील. माझं मत बदललेलं नाही.

मी मोशीत एका सोसायटीच्या गेटाबाहेर भाजी घेऊन बसते. सोसायटी जिथं उभी आहे तिथं पूर्वी आमचंच शेत होतं. मुलांना माझं इथं बसणं आवडत नाही आणि मला घरात बसणं आवडत नाही. तो विषय इथं नको.

सोळुंके याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे बीडकडचे. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला होते. गाडीच्या पत्र्यावर रंग सारखा बसला का, कुठं फोड आला का, कडेनं गंज डोकावतो का, हे बघायचं आणि पास किंवा नापास करायचं. तीस वर्षं हेच केलं. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं शाल दिली, घड्याळ दिलं. कार्ड त्यांनी स्वतःच घेतलं असावं. मी विचारलं नाही.

घरात दोघंच. मुलगी लग्न होऊन नागपूरला. बायको निर्मलाबाई, हडकुळी, हळू बोलणारी. तिला पंधरा वर्षं साखरेचा त्रास. सोळुंके कंपनीत होते तोवर तिची साखर तिच्याकडे होती. रिटायर झाल्यावर त्यांनी ती आपल्याकडे घेतली.

त्या वेळी कुणा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की ताटात रंगीत भाज्या-फळं असू द्या, त्यांत अँटिऑक्सिडंट असतात. हा शब्द मला नीट म्हणायला महिना लागला. सोळुंक्यांना तो एका मिनिटात कळला, कारण तो त्यांच्याच धंद्यातला निघाला. मलाही त्यांनी गेटावर उभं राहून समजावला.

"मावशी, लोखंड हवेत ठेवलं की काय होतं?"

"गंजतं."

"माणूस कशावर जगतो?"

"भाकरीवर."

"हवेवर जगतो! म्हणजे तोही आतून गंजतो."

"म्हंजे मी गंजले का काय?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "थोड्याफार," म्हणाले.

मग सगळं सांगितलं. आपण श्वास घेतो, अन्न पचवतो, त्यातून काही उपद्रवी कण सुटतात. ते जवळ दिसेल त्याला चावतात. रक्ताच्या नळ्यांना चावतात, डोळ्यांना चावतात. अँटिऑक्सिडंट मधे पडतं आणि स्वतःला चावून घेतं. "पत्र्यावर आम्ही जस्ताचा थर द्यायचो ना, तसं. जस्त झिजतं, पण आतलं लोखंड शाबूत राहतं." हे जस्त गाजरात केशरी असतं, वांग्याच्या सालीत जांभळं असतं, पालकात हिरवं असतं. आवळ्यात, लिंबात, हळदीत, चहातसुद्धा असतं. टोमॅटो तेलात शिजवला की त्यातलं जास्त लागू पडतं. "भट्टीतून काढल्याशिवाय पेंट पक्का होतो का, मावशी?" मी म्हटलं, मला काय माहीत. "नाही होत," ते म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.

तेव्हापासून त्यांनी सगळ्या मोशीला रंग द्यायचं मनावर घेतलं.

सकाळी शाळेची बस येते तेव्हा पोरांच्या आया गेटावर उभ्या असतात. सोळुंके पोरांचे डबे उघडून बघायचे. एकाच्या डब्यात इडली, एकाच्या दहीभात, एकाच्या ब्रेडला लोणी. "अहो, हा सगळा प्रायमर झाला!" ते ओरडायचे. "पेंट कुठाय? नुसता प्रायमर मारून गाडी रस्त्यावर सोडता?" एक बाई चिडून म्हणाली, "काका, तुम्ही आधी तुमची स्कूटर रंगवून घ्या." त्यांच्या स्कूटरला खरंच दोन्ही बाजूंनी गंज होता. ते शांतपणे म्हणाले, "ती जुनी आहे, तिला वॉरंटी नाही. पोरांना आहे."

एकदा सफरचंदाचा गोंधळ झाला. बच्चेकंपनीला दाखवायला त्यांनी एक सफरचंद कापलं. एका फोडीला लिंबू चोळलं, एक तशीच ठेवली आणि दोन्ही गेटाच्या खांबावर मांडून ठेवल्या. तशी ठेवलेली फोड तपकिरी पडते, म्हणजे गंजते, आणि लिंबू लावलेली पांढरी राहते, हे त्यांना दाखवायचं होतं. ते घड्याळ लावून वर चहा प्यायला गेले. दिवस नेमका अमावस्येचा. गेटावर कापलेलं फळ, शेजारी पिळलेलं लिंबू. सोसायटीचे सेक्रेटरी कामावर निघाले होते, ते गाडी घेऊन आतच थांबले. बाहेर पडेनात. त्यांची आई खाली आली, मीठमोहऱ्या घेऊन. वॉचमन हात लावायला तयार नाही. मोबाइलवर सगळ्यांना निरोप गेले की कुणीतरी उतारा ठेवलाय. मला कुणी काही विचारलं नाही. मी उठले आणि चांगली फोड खाऊन टाकली. तेवढ्यात सोळुंके खाली आले आणि खांबाकडे बघून म्हणाले, "माझं सॅम्पल कुठंय?"

सेक्रेटरी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. सोळुंक्यांना ते कळलंही नाही.

सोसायटीत एकदा एक टायवाला मुलगा अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या विकायला आला. सोळुंक्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास सुनावलं. "गोळी म्हणजे डब्यातला रंग. डब्यातला रंग सगळ्यांचाच चांगला असतो. मी पत्र्यावर बसलेला रंग बघतो. तू घरी काय खातोस ते सांग." मुलगा म्हणाला, वडापाव. तो जाताना माझ्याकडून दोन गाजरं घेऊन गेला.

हसायला हे सगळं ठीक आहे. पण गाव त्यांना हवं होतं ते फावल्या वेळासाठी. खरं काम एकच होतं, निर्मलाबाईला गंजू द्यायचं नाही. सकाळी बीट-गाजराचा रस, दुपारी पालक आणि तेलात परतलेले टोमॅटो, चारला डाळिंब, संध्याकाळी संत्रं. एकदा बिटाच्या ढिगात हात घालून ते मला म्हणाले, "मावशी, माझ्या हातनं पास झालेली एकपण गाडी गंजून परत आली नाही. हिलापण येऊ देणार नाही." एवढं बोलून त्यांनी माझी चार बिटं रिजेक्ट केली.

मागच्या दिवाळीनंतर निर्मलाबाईचे पाय सुजायला लागले. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दम लागायचा. आता पेंट शॉपमधला माणूस काय करतो? एक कोट कमी पडला की दुसरा मारतो. सोळुंक्यांनी रसाचे दोन ग्लास केले. बीट दुप्पट न्यायला लागले. दवाखानाही चालू होताच, त्यात त्यांनी कसूर केली नाही. पण त्यांना मनातून वाटत होतं की दवाखाना म्हणजे तपासणी आणि आपण म्हणजे काम.

एके दिवशी अकराच्या सुमाराला निर्मलाबाई एकटीच खाली आली. भिंतीला धरत धरत. मी तिला माझं स्टूल दिलं.

"मावशी, एक काम होतं तुमच्याकडं."

"बोल की."

तिनं पर्समधून कागद काढला. कागदाला बऱ्याच घड्या पडल्या होत्या. "किडनी कमजोर झाल्यात म्हणले डॉक्टर. रक्तात पोटॅशियम वाढलंय. आणखी वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पालक, टोमॅटो, बीट, संत्रं, डाळिंब, सगळं बंद करा म्हणले."

"कधी सांगितलं?"

"तीन आठवडे झाले."

"आन् तो तर काल दोन किलो बीट घिऊन गेला!"

"हे गाडी लावायला गेले होते, तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं. मी कागद पर्समध्ये टाकला. यांना म्हणाले, पथ्य आहे तेच आहे."

"आन् तू पितीस तो रस?"

"एखादवेळी मोरीत ओतते. पण बहुतेक समोरच उभे असतात हो, ग्लास रिकामा होईपर्यंत."

माझं डोकं फिरलं. "अगं, मरशील की! सांग त्याला सरळ."

ती कागदाच्या घड्या पुन्हा घालत बसली. मग म्हणाली, "सांगितलं तर ते दिवसभर काय करतील?"

तिचं म्हणणं एवढंच होतं की मी सोळुंक्यांना सांगावं, बाजारात बीट आलं नाही, पालक आला नाही. चार-आठ दिवस असं केलं की त्यांची सवय आपोआप मोडेल. मी हो म्हटलं. हो म्हणायला नको होतं, कारण मला खोटं बोलता येत नाही. चांगुलपणामुळं नाही. माझ्या लक्षात राहत नाही.

पहिल्या दिवशी सांगितलं, पावसानं पालक सडला. पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगितलं, डाळिंबाची गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी ते भोसरीच्या मंडईत जाऊन पिशवीभर सगळं घेऊन आले आणि मला वर दाखवलं. चौथ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहिले.

"मावशी, बीट?"

"न्हाई आलं."

"मग हे पोत्याखाली काय आहे?"

मी बघितलं. "बीट," म्हटलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि निर्मलाबाईनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. "तिनं चुकीचं ऐकलं असेल. रंगानं कधी वाईट होत नसतं. जगात कुणालापण विचारा."

"रंग वाईट न्हाई, साहेब. माझ्या नातवंडांना मी रोज घालते. तिच्या अंगाला आता त्यो झेपत न्हाई."

"असं कसं झेपत नाही? मी मोजून देतो."

"तुमच्या कंपनीत त्या टाक्या हायेत म्हनता ना, पत्रा बुडवायच्या? वरनं पानी येतंय, आन् खालची घान जायची नळी तुंबली, तर काय करता?"

"लाईन बंद करतो," ते लगेच म्हणाले. माणूस कामातला आहे.

"न्हाई केली तर?"

"सगळा माल जातो."

"तिची नळी तुंबलीया. तुमी वरनं वतताय."

दोन गिऱ्हाइकं आली, भाजी घेऊन गेली, तरी ते बसूनच होते. मग म्हणाले, "तीस वर्षांत मी दोनदाच लाईन बंद केली, मावशी. दोन्ही वेळेला मॅनेजर धावत आला. म्हणाला, सोळुंके, तुमची खात्री आहे का? मी म्हटलं, आहे." आणि पोत्याकडे बघून, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुमी ग्लास घिऊन उभं र्‍हाताय. बोलायला तोंड मोकळं पायजे ना तिचं."

हे जरा जास्त झालं, हे मला बोलल्यावर कळलं. ते उठले आणि वर गेले. पिशवी माझ्या पाटीवरच राहिली.

नऊ दिवस आले नाहीत. दहाव्या दिवशी आले ते हातात दवाखान्याचा कागद घेऊन. आहार सांगणारी एक बाई असते तिथं, तिच्याकडे दोघं जाऊन आले होते. दुधी, कोबी, दोडका, काकडी, असं एकेक वाचून त्यांनी मागितलं. मी देत गेले. कुठलीही भाजी बारीक चिरायची, कोमट पाण्यात तास-दोन तास ठेवायची, ते पाणी टाकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकळायची, तेही पाणी टाकायचं. मग फोडणी, मीठ अगदी बेताचं. हे सगळं ते स्वतः करत होते. निर्मलाबाईला स्वयंपाकघरात उभं राहू देत नव्हते.

"सगळा रंग त्या पाण्यात उतरतो, मावशी. दुधीसुद्धा पांढरा पडतो. सिंकमधनं जाताना दिसतो."

"वाईट वाटतं?"

"रिवर्क आहे," ते म्हणाले. "रिवर्कमध्ये जुना पेंट खरडून काढावाच लागतो. त्याशिवाय पुढचं काम होत नाही."

जाता जाता परत वळले. "ती बाई म्हणाली, कोबीतपण थोडं असतं. कांद्यात, लसणात असतं. सफरचंदाची एखादी फोड चालेल म्हणाली, त्यातपण असतं. पांढऱ्यातपण असतं म्हणे. फक्त आपल्याला दिसत नाही." मग कोबीचा गड्डा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "तीस वर्षं मी दिसेल तेवढंच पास केलं," म्हणाले.

दोन महिने झाले असतील. निर्मलाबाईचे पाय थोडे उतरले. ती पूर्वीसारखी होणार नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. आहे तेवढं जपायचं. मुलगी येऊन चार दिवस राहून गेली. डबे तपासणं बंद झालं. शाळेच्या बसपाशी आता सोळुंके दिसत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्या आयाच मला विचारतात, काका बरे आहेत ना?

परवा त्यांनी दुधी मागून ठेवला होता आणि न्यायला आलेच नाहीत. मी दुपारी पाटी झाकली आणि स्वतःच वर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. सोळुंके रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले होते. निर्मलाबाईनं दार उघडलं. टेबलावर जेवण झाकून ठेवलं होतं. तिनं झाकण उचललं. दोन ताटं. दोन्हींत तोच कोबी, धुऊन उकळून कागदासारखा झालेला, तोच भात, तेच पातळ वरण.

"त्याला कशाला हे?" मी विचारलं. "त्याची किडनी तर धडधाकट हाय."

"मी रोज म्हणते हो, तुम्ही तरी नीट तिखटमिठाचं खा. टोमॅटो करा तुमच्यापुरते. तर म्हणतात, एका लाईनवर दोन प्रोसेस चालत नाहीत." ती हसली. हसल्यावर तिला दम लागला. मग म्हणाली, "काल जेवताना मला विचारत होते, तुला खायला काय आवडतं गं?"

"आता विचारतोय?"

"पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग काय सांगितलंस?"

"पटकन काही आठवेचना, मावशी. म्हटलं, आठवून सांगते."

मी दुधी टेबलावर ठेवला आणि खाली आले.

आज सकाळी मी पाटी लावत होते तोवर सोळुंके येऊन उभे. पिशवी रिकामी, हातात मोबाइल. भाजीकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय देऊ, साहेब?"

"अजून काही नाही. ती फोन करणार आहे."

"मग वर बसा की. हितं गिऱ्हाइकांच्या वाटेत उबं र्‍हाऊ नका."

"वर मी समोर असलो की काय आवडतं ते ती सांगत नाही," ते म्हणाले. "आहे तेच बरं आहे म्हणते. म्हणून खाली आलो."

मी स्टूल सरकवलं. ते बसले. मी मेथीच्या जुड्या सोडवत होते, ते न सांगता पिवळी पानं बाजूला काढायला लागले. आठची बस गेली, साडेआठची गेली. सेक्रेटरींनी गाडीतून हात केला, तो त्यांना दिसला नाही. नऊ वाजून गेल्यावर फोन वाजला. त्यांनी तो इतक्या घाईनं कानाला लावला की मेथी खाली सांडली.

"हां, बोल," म्हणाले. "थांब, थांब. पेन काढतो."

कागद सापडेना, म्हणून डाव्या तळहातावर लिहायला लागले. तळहात भरला, मग मनगटावर लिहिलं. मधे एकदा म्हणाले, "हे तू कधी बोलली नाहीस," आणि पुन्हा लिहीत राहिले.